केळीचं होतं, मग द्राक्षाचं का नाही?

मेरी वेदर मैदानावर भरलेल्या एका कृषी प्रदर्शनात मी कॉलेजच्या विद्यार्थ्यांबरोबर स्टॉलवर बसले होते. टेबलावर काचेच्या बाटल्या, बाटल्यांत टिशू कल्चरची केळी आणि ऊस. कवठेमहांकाळकडचे एक बागायतदार थांबले. त्यांनी एक बाटली उचलून उजेडात धरली, बुडाशी थिजलेली जेली आणि तिच्यात रुतलेली पांढरी मुळं निरखली आणि म्हणाले, "मॅडम, केळीचं होतंय, उसाचं होतंय, मग द्राक्षाचं का होत नाही? डावणी न लागणारं एखादं टिशू काढा की आमच्यासाठी." डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर आणि घडांवर येणारा बुरशीचा रोग.

गर्दीत मी त्यांना दिलेलं उत्तर अपुरं होतं. त्यांच्या एका वाक्यात दोन प्रश्न होते, आणि मी फक्त पहिल्याचं उत्तर दिलं.

पहिला प्रश्न सोपा आहे. आपल्या भागात 'टिशू' हा शब्द आता मराठीच झालाय. शिरोळ-हातकणंगलेत कुणालाही विचारा, जी-नाईन केळीचं टिशूचं रोप म्हणजे काय ते लगेच सांगतील. केळीच्या कंदातला वाढीचा कोंब काढायचा, बाटलीत वाढवायचा, त्याला फुटवे आले की तोडून पुन्हा बाटलीत घालायचे. कोंब आधीच तयार असतो, आपण त्याच्या नकला काढतो. द्राक्षाचंही हे सहज होतं. काडीचा एक डोळा बाटलीत लावला तर काही आठवड्यांत पानं आणि मुळं फुटतात. पण बागायतदाराला त्याची फारशी गरज नाही. डॉगरीजचा खुंट लावायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात पसंतीच्या बागेतली काडी आणून कलम भरायचं, बाग उभी राहते. काडी शेजारच्या गावात मिळते, तीही बहुतेकदा ओळखीवर.

दुसरा प्रश्न आहे तो 'डावणी न लागणारं'. इथे नक्कल उपयोगाची नाही. डावणी लागणाऱ्या वेलीच्या लाख नकला काढल्या तरी लाखांनाही डावणी लागणारच. वेलीच्या आतच बदल हवा. तो बदल एका पेशीत करावा लागतो, आणि मग त्या एकट्या पेशीपासून मूळ, खोड, पान, घड असलेली अख्खी वेल पुन्हा उभी करावी लागते. कोंब नाही, डोळा नाही, फक्त एक पेशी. याला पुनर्जनन म्हणतात. आपलं द्राक्ष गेली कित्येक वर्षं याच पायरीवर अडलेलं आहे.

माझं म्हणणं असं. ही पायरी चढण्याचं काम सरकारी पैशानं, सरकारी प्रयोगशाळेत, बागांपासून दोन तासांच्या आत, म्हणजे कोल्हापुरात व्हायला हवं. आणि त्यातून निघणारी वेल कुणा एकाच्या मालकीची न राहता काडीसारखी हातोहात जायला हवी.

बदल हवाच कशाला, असं कोल्हापूरच्या माणसाला वाटेल. आपल्याकडे द्राक्षाची बाग क्वचित दिसते. आपली द्राक्षं तासगाव, मिरज, पलूसकडून येतात, चार किलोच्या पेटीतून. महाद्वार रोडवर फेब्रुवारीत हातगाड्या लागल्या की आपण एक मणी चाखतो, भाव पाडून घेतो आणि घरी जाऊन मिठाच्या पाण्यात घड बुडवून ठेवतो. त्या मिठाच्या पाण्यातच सगळा प्रश्न आहे. आपल्याला माहीत असतं की औषधं मारलेली आहेत. युरोपला जाणारा माल प्रयोगशाळेत तपासून झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून आपले कंटेनर तिकडे अडकले, आणि त्यानंतर निर्यातीची तपासणी आणखी कडक झाली. हातगाडीवर येणाऱ्या पेटीला तशी कुठलीही अट नाही.

पण औषध मारणाऱ्याला दोष देण्याआधी एकदा नोव्हेंबरात बागेत जाऊन बघावं. माझं आजोळ तासगाव तालुक्यातलं. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, पोंगे फुटतात, कोवळे घड बाहेर येतात आणि नेमका तेव्हाच अलीकडे पाऊस येतो. पानाच्या वरच्या अंगाला तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग दिसतो. पान उलटलं की खाली पांढरी बुरशी, कापूस पिंजून चिकटवल्यासारखी. ती पानावर राहिली तर निभावतं. फुलोऱ्यातल्या घडावर गेली तर दोन-तीन दिवसांत घड तपकिरी होऊन देठासकट वाळतो, आणि वर्षाचं उत्पन्न तिथेच संपतं. पानं ओली असताना ट्रॅक्टर आत घालता येत नाही, चिखलात चाकं रुततात. म्हणून उघडीप मिळाली की रात्री दोन वाजता ब्लोअर सुरू होतो. मी लहान असताना त्या आवाजानं जाग यायची. मामा सकाळी घरात यायचे ते डोळे लाल, अंगाला तो उग्र वास. मामी त्यांना दारातच थांबवून अंघोळीचं पाणी बाहेर काढून द्यायची. मामांच्या वहीत प्रत्येक फवारणीची नोंद असते: तारीख, औषध, प्रमाण, किंमत. ऑक्टोबर ते जानेवारी पानामागून पान भरत जातं. "ढग भरून आलं की जीव खालवर होतोय बघ," ते म्हणतात. "पिकाचा हिशोब नंतर. आदी औषधाची उधारी डोळ्यापुढं उभी राहतीया."

एकरामागे होणाऱ्या खर्चातला मोठा वाटा या वहीत आहे. डावणीला आणि भुरी या दुसऱ्या बुरशीला दार न उघडणारी वेल मिळाली तर फवारणी शून्यावर येणार नाही, तसं आश्वासन कुणी देऊ नये. करपा आहे, फुलकिडे आहेत, मिलीबग आहे. पण या वहीची निम्मी पानं कोरी राहिली तरी मामांच्या घरात आणि आपल्या मिठाच्या पाण्यात खूप फरक पडेल.

मग संकर करून वाण का काढत नाहीत? काढतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कटॉबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ हा वाण काढला. त्यात अमेरिकी द्राक्षाचं रक्त आहे, म्हणून तो बुरशीला चांगला टिकतो आणि रसाला उत्तम आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं मांजरी मेडिका, मांजरी श्यामा असे वाण दिले. हे काम मोलाचं आहे आणि ते चालूच राहायला हवं. पण त्याला दोन अडचणी आहेत. बिनबियांच्या द्राक्षात बी धरायला सुरुवात होते आणि अर्ध्यावर मरते, म्हणून थॉमसनसारख्या वाणाला आई करून रोप मिळवायचं तर ते इवलं बी मरण्याआधी मण्यातून काढून बाटलीत वाढवावं लागतं. अमेरिकेत फ्रेस्नोच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे जमवलं आणि तेव्हापासून बिनबियांचा बिनबियांशी संकर शक्य झाला. दुसरी अडचण मोठी आहे. द्राक्षाचं बी कधीच आईसारखं होत नाही. सोनाकाचा संकर केला की निघतं ते सोनाका राहत नाही. मण्याची लांबी बदलते, साल बदलते, बेदाण्याचा रंग बदलतो. व्यापारी बांधावर येऊन पहिला प्रश्न विचारतो तो वाणाच्या नावाचा. दहा-पंधरा वर्षं खपून काढलेला रोगप्रतिकारक वाण त्याच्या डोळ्याला पटला नाही तर बागायतदार तो लावत नाही, आणि त्याचं चूकही नाही.

आपल्याला हवी आहे तीच वेल, तोच मणी, तीच साल, फक्त एक गोष्ट वेगळी. निसर्ग हे अधूनमधून करतो, आणि ते ओळखण्याची नजर आपल्या शेतकऱ्यांनी दाखवली आहे. तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतली वेगळी फांदी हेरली, तिची कलमं केली, आणि तास-ए-गणेश हा वाण उभा राहिला. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस असेच हेरले. कुठलीही प्रयोगशाळा नव्हती. रोज बांधावर फिरणारा माणूस होता आणि हजार फांद्यांतली एक वेगळी दिसल्यावर तिला चिंधी बांधून ठेवण्याचं शहाणपण होतं. एका डोळ्यात निसर्गानं केलेला एक बदल, बाकी वेल तीच. जनुक संपादन म्हणजे हाच बदल ठरवून, नेमक्या जागी करणं. बुरशीला आत घेणारं दार ज्या जनुकामुळे उघडतं तो बंद करायचा. बाहेरून काही आणून बसवायचं नाही.

जनुक नेमक्या जागी कापणारी कात्री, म्हणजे क्रिस्परसारखं तंत्र, आता उपलब्ध आहे. द्राक्षाचा पूर्ण जनुकआराखडा २००७ सालीच वाचून झालेला आहे, फळझाडांत सर्वांत आधी. कायद्यानंही वाट दिली आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं ठरवलं की संपादित झाडात परका डीएनए उरलेला नसेल, तर १९८९ च्या नियमांतल्या जीएम पिकांसाठीच्या कडक अटी त्याला लागू होणार नाहीत. त्याच वाटेनं मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले, कमला आणि पुसा डीएसटी राईस-१.

पण 'भातात झालं, आता द्राक्षात होईल' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. कात्री पेशीत पोचवण्याची रुळलेली पद्धत म्हणजे तिचा जनुक एका जिवाणूमार्फत झाडात घालायचा. काम झाल्यावर तो जनुक झाडात राहतो. भातात त्याची चिंता नाही. पुढच्या पिढीत बियांतून काही रोपं अशी निघतात की बदल आहे आणि कात्री गेलेली आहे, तेवढी निवडून घ्यायची. द्राक्षात पुढची पिढी काढली की वाणच मोडतो. सोनाका सोनाका ठेवून आतली कात्री बियांमार्फत बाहेर काढता येत नाही. म्हणजे कायद्यातली सूट द्राक्षाला हवी असेल, तर कात्री पहिल्यापासून जनुकाच्या रूपात न घालता तयार प्रथिनाच्या रूपात घालावी लागते, तीही भिंत उतरवलेल्या उघड्या पेशीत. कात्री काम करते आणि विरघळून जाते. मग त्या नाजूक, भिंत नसलेल्या पेशीपासून वेल उभी करायची. ऊतिसंवर्धनातलं याहून अवघड काम क्वचितच असेल. द्राक्षात कायदा, शेतकरी आणि विज्ञान हे तिन्ही येऊन याच पायरीवर थांबलेत. वर्तमानपत्रं कात्रीविषयी भरभरून लिहितात, पायरीविषयी कुणी लिहीत नाही.

ही पायरी कशी असते ते मी हातानं अनुभवलं आहे, म्हणून थोडं सांगते. पेशीला आपण पुन्हा गर्भ व्हायला लावतो. द्राक्षात हे पहिल्यांदा १९७६ साली घडलं. मलिन्स आणि श्रीनिवासन या दोघांनी काबेर्ने सोव्हिन्यों जातीच्या न फळलेल्या बीजांडांपासून गर्भ आणि रोपं मिळवली. पुढे परागकोश सोयीचे ठरले. फुलोरा उमलण्याच्या बरेच दिवस आधी, कळ्या मोहरीएवढ्या हिरव्या आणि टोप्या घट्ट मिटलेल्या असताना घड खुडायचा. मामांच्या बागेतून मी तो ओल्या कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं आणायचे. काही दिवस फ्रीजमध्ये. मग निर्जंतुक करून सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकानं एकेका कळीची टोपी उचलायची. आत पाच परागकोश असतात, फिकट, काचेसारखे पारदर्शक. पिवळे झाले असतील तर उशीर झाला, घड फेकून द्यायचा. ते दांड्यासकट अलगद काढून बशीत मांडायचे आणि बशा अंधारात ठेवायच्या. टू-फोर-डी, जे आपण उसात तणनाशक म्हणून मारतो, तेच इथे अत्यल्प प्रमाणात पेशीला जुनी ओळख विसरायला लावतं.

मग वाट बघणं. बहुतेक परागकोश तपकिरी होऊन मरतात. काहींवर पाणीदार, मऊ गाठ वाढते, ती कामाची नसते. शेकड्यांत एखाद-दुसऱ्यावर मलईच्या रंगाची, रव्यासारखी दाणेदार गाठ येते. ती दिसली की हात थरथरतात. तिला दुसऱ्या माध्यमावर नेलं की दाणे गोल होतात, मग बदामासारखे, मग लांबट, आणि एक दिवस दोन इवल्या दलांचं रोप. कोल्हापूरच्या पावसाळ्यात, बाहेर आठ-आठ दिवस सूर्य नसताना, भिंतींना ओल आलेली असताना, या बशांत बुरशी न शिरू देणं हेच अर्धं काम असतं. जात बदलली की माध्यम बदलतं. काबेर्नेवर चालणारी कृती थॉमसनवर तशीच चालत नाही, आणि थॉमसनवर चालणारी सोनाकावर चालेलच असं नाही. म्हणूनच परदेशातली कृती उतरवून घेऊन भागत नाही. आपल्या वाणांसाठी ती आपल्यालाच बसवावी लागणार आहे.

आणि इथे आपल्या भागाची एक जमेची बाजू आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही. युरोपात वेलींना वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलोरा येतो. कळी योग्य अवस्थेत असण्याचे दिवस थोडे. ते हुकले की प्रयोग पुढच्या वर्षावर. आपल्याकडे फुलोरा कधी यायचा ते छाटणीवर ठरतं. सांगली जिल्ह्यात आगाप छाटण्या सप्टेंबरच्या आधीपासून सुरू होतात आणि मागास छाटण्या नोव्हेंबरपर्यंत चालतात. प्रत्येक बागेत छाटणीनंतर साधारण महिन्याभरात कळी हवी तशी मिळते. म्हणजे कोल्हापुरात बसलेल्या प्रयोगशाळेला अडीच-तीन महिने ताजा घड सकाळी खुडून दुपारी टेबलावर घेता येतो. जगातल्या थोड्याच प्रयोगशाळांना हे भाग्य असेल. १९६२ पासूनचं शिवाजी विद्यापीठ इथे आहे, कृषी महाविद्यालय आहे, ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, टिशू कल्चरमध्ये हात बसलेल्या मुली गावोगाव आहेत. सांगली, तासगाव, सोलापूरचा फुलोरा आणि कोल्हापूरची प्रयोगशाळा ही जोडी जमायला फक्त निश्चय हवा.

निश्चय कुठे मोडतो तेही सांगायला हवं. मी ज्या प्रकल्पात काम केलं तो तीन वर्षांचा होता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्हाला एका वाणाच्या चांगल्या दाणेदार गाठी मिळाल्या. त्या दर तीन-चार आठवड्यांनी नव्या माध्यमावर हलवाव्या लागतात, नाहीतर मरतात किंवा गर्भ धरणं विसरतात. तिसरं वर्ष संपलं, निधीचा पुढचा हप्ता आला नाही, प्रकल्पात काम करणाऱ्या मुलीची फेलोशिप संपली आणि ती नोकरीला लागली. एप्रिलमध्ये वाढकक्षाचा एसी बंद पडला, दुरुस्तीचा कागद टेबलांवरून फिरत राहिला. मी गेले तेव्हा बशांमधल्या सगळ्या गाठी काळ्या पडल्या होत्या. कुणा एका माणसाचा हा दोष नव्हता. वेलीचं काम पंधरा वर्षांचं आणि पैसा तीन वर्षांच्या तुकड्यांत, या हिशोबात हे होणारच होतं.

द्राक्ष हे पैसेवाल्यांचं पीक, त्यावर सरकारनं खर्च का करावा, हा आक्षेप मी अनेकदा ऐकते. दुष्काळी तालुक्यांत एक-दोन एकरांवर बाग असलेले लोक मला माहीत आहेत. टँकरनं पाणी घालून त्यांनी वेली जगवल्या. त्यांच्यासाठी म्हैसाळ आणि टेंभूच्या योजनांमधून कृष्णेचं पाणी सरकारनंच उचललं, आणि ते योग्यच केलं. ज्या वेलीपर्यंत पाणी न्यायला सरकारी पंप चालतात, त्या वेलीला रोगापासून वाचवणारी प्रयोगशाळा त्या खर्चापुढे किती लहान आहे! शिवाय सगळा भार सरकारवर टाकायचं कारणच नाही. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि चालते त्यात साखर कारखान्यांनी उसामागे दिलेल्या वर्गणीचा मोठा हात आहे. कोल्हापूरच्या प्रत्येक ऊसकऱ्याला बिलातली कपात म्हणजे काय ते कळतं. द्राक्षाच्या पेटीमागे तशीच छोटी वर्गणी बागायतदारांनी स्वतःहून ठरवली, तर प्रयोगशाळेला कायमची माणसं ठेवता येतील आणि कुणाच्या हप्त्याची वाट बघावी लागणार नाही. ज्याची वर्गणी त्याचा हक्क, हेही आपोआप ठरेल.

हक्काचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त बोचतो. आर्वे आणि काळे यांचे वाण गावोगाव पसरले, कारण काडी द्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. आता चित्र बदलतं आहे. नाशिकच्या सह्याद्री फार्म्सनं परदेशी मालकांशी करार करून आरा मालिकेतले वाण आणले. निर्यातीच्या बाजारात टिकायला त्यांना ते करावं लागलं, त्यात मी चूक काढत नाही. पण परवान्याच्या वाणाची काडी शेजाऱ्याला देता येत नाही. उद्या सोनाकाच्याच एका पेशीत बदल करून कुणी 'डावणी न लागणारा सोनाका' आणला आणि त्यावर परवाना बसवला, तर ज्या मातीत आणि ज्या नजरेत तो वाण जन्मला त्यांनीच तो विकत घ्यायचा? भारतीय पेटंट कायद्याच्या ३ (जे) कलमाखाली वाणाचं पेटंट मिळत नाही, आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला वाण राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिलाय. चांगले कायदे आहेत. पण वाण मोकळा असला तरी तो बनवण्याची कृती आणि कात्री बंद कपाटात राहू शकते. ही कृती आधी सार्वजनिक संस्थेनं बसवली आणि छापून मोकळी केली, तर ती कुणाला कोंडता येणार नाही. कात्रीच्या बाबतीतही आशा आहे. कटकच्या भात संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी टीएनपीबी नावाची लहानशी कात्री भातात चालवून दाखवली आहे, ती आपली स्वतःची.

आणि विरोध करणाऱ्यांचं काय? मी त्यांना अडाणी म्हणणार नाही. बीटी कापूस २००२ मध्ये आला, त्यानंतर दरवर्षी पाकीट विकत घेण्याची सवय लागली आणि बोंडअळी पुन्हा आली, हे विदर्भानं सोसलं आहे. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी मान्यता नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या कापसाचं बी, उघडपणे पेरलं, हेही आपण पाहिलं. एका बाजूला भीती, दुसऱ्या बाजूला घाई, आणि मधे विश्वासानं बोलणारी संस्था नाही. फ्रान्समध्ये कोल्मारच्या शासकीय केंद्रात विषाणूला तोंड देणाऱ्या खुंटाच्या ७० वेली २०१० च्या ऑगस्टमध्ये आंदोलकांनी उपटल्या. त्या चाचणीवर शेतकरी आणि रहिवाशांची स्थानिक समिती लक्ष ठेवून होती, तरीही. इटलीत व्हेरोनाच्या संशोधकांनी शार्दोने या द्राक्षात डावणीला दार उघडणारा जनुक बंद केला, एका पेशीपासून वेली वाढवल्या आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर रानात लावल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये रात्रीतून त्यांची नासधूस झाली. वेल उपटली की ती धोक्याची होती की नव्हती, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. पण विश्वास मागून मिळत नाही, एवढंही त्यातून कळतं. म्हणून मला वाटतं, पहिली बशी भरायच्या आधीच गावांना विचारावं. कुठली वेल, कुठला जनुक, चाचणी कुणाच्या शिवारात, चुकलं तर काय करायचं, हे तासगावच्या आणि नान्नजच्या बागायतदारांसमोर, विरळणी करणाऱ्या बायकांसमोर, मराठीत मांडावं आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत थांबावं.

धोके आहेतच. दार बंद केलेली वेल कधी कधी खुरटते, कारण तो जनुक झाडाच्या दुसऱ्या कामातही लागत असतो. बुरशीही शिकते, युरोपात रानटी वेलींकडून घेतलेल्या एका प्रतिकाराला ती पुरून उरली आहे. बाटलीत फार दिवस राहिलेल्या पेशी आपणहून बदलतात. आणि एक गोष्ट आपल्याला विशेष जपायला हवी. डोळ्यातून निवडलेल्या वाणांत कधी कधी बदल वेलीच्या वरच्या थरातच असतो, आतला थर जुनाच. ऑस्ट्रेलियात बॉस आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी पिनो म्युनिये या वाणाच्या फक्त बाहेरच्या थरापासून रोपं वाढवली, तर ठेंगणी वेल निघाली, जिच्या तणाव्यांच्या जागी घड लागत होते. २००२ साली त्यांनी कारण दाखवलं. त्या थरातला एक जनुक बदललेला होता आणि त्यामुळे वेल जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला बहिरी झाली होती. मामा मणी लांबवायला ज्या जीएमध्ये घड बुडवतात, तेच हे जिबरेलिन. म्हणजे तास-ए-गणेश किंवा सोनाकाच्या पेशीतून निघणारी वेल बाहेरून तशीच दिसेल याची खात्री आधी करून घ्यावी लागेल, संपादन त्यानंतर. फक्त पुनर्जनन करून, काहीही न बदलता, मूळ वाणाच्या वेली तीन-चार हंगाम बागेत लावून बघणं हा पहिला टप्पा असायला हवा. तो स्वस्त आहे, त्याला कुठल्या मान्यतेची अडचण नाही आणि तो याच वर्षी सुरू करता येतो.

यातलं बरंच मी परवा मामांना सांगितलं. त्यांनी मधे दोनदा विचारलं, "म्हंजे काडी बदलायची नाही, आतलं बदलायचं?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ त्यांनी मण्यांच्या भावावरच गप्पा मारल्या. मी निघताना, गाडीपर्यंत येऊन म्हणाले, "यंदा बाग पंधरा ऑक्टोबरला छाटणार. बांधाकडची शेवटची ओळ ठेवतो मागं. दोन वेली आठवड्यानं छाटायच्या, दोन पंधरवड्यानं, दोन महिन्यानं. तुला कळ्या लागतील तशा ने."